नागणसूरला थांबलेली गाडी आणि सादीचं दप्तर

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत निसर्गकवितेवर एक लेख आला होता. लेख चांगला होता, मी तो कापून वहीत ठेवलाय, पण त्यातली दोन वाक्यं तेव्हापासून डोक्यातनं जाईनात म्हणून हे पत्र. एक वाक्य असं की निसर्ग बघता बघता माणसाला एकदम काहीतरी उमगतं ही गोष्ट कवितेत आणली इंग्रजांनी, आणि आपण ती त्यांच्याकडनं शाळेत शिकलो. दुसरं असं की फारसी कवितेतला निसर्ग म्हणजे नुसती सजावट, गुलाब, बुलबुल, साकी, प्याला, एवढंच. पहिलं अर्धं खरं आहे आणि दुसरं अजिबात खरं नाही असं मला मनापासून वाटतं, आणि का वाटतं ते सांगायला जरा जागा लागेल, तेवढी द्यावी ही विनंती.

मी प्राध्यापक वगैरे नाही. रेल्वेत गार्ड होतो, आता त्या पोस्टला ट्रेन मॅनेजर म्हणतात, ३४ वर्षं नोकरी झाली आणि त्यातली बहुतेक मालगाडीवर, सोलापूर-वाडी लाइनला. मालगाडीचा गार्ड म्हणजे शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये बसलेला एकटा माणूस. इंजिन अर्धा किलोमीटरच्या पुढं, इकडं तुम्ही, तुमची पेटी, हातबत्ती आणि मागं पळत जाणारे रूळ. सगळं जग पुढं बघत जातं, गार्ड मागं बघत जातो. हे मुद्दाम सांगतोय, पुढं त्याचा संबंध येणार आहे.

१९९६ चा जानेवारी, गड्ड्याची जत्रा चालू होती. आमची लोड गाडी वाडीकडनं सोलापूरला येत होती आणि पहाटे पाचच्या आसपास मागनं येणाऱ्या मेलला वाट द्यायला आम्हाला नागणसूरला लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर घेतलं. ज्यांनी ही लाइन बघितलीय त्यांना माहितीय, अक्कलकोट रोड आणि दुधनीच्या मधलं छोटं स्टेशन, दोन्ही बाजूला रान. ब्रेकव्हॅन स्टेशनच्या दिव्यांपासून बरीच मागं अंधारात उभी राहिली. तासन् तास खडखडाट ऐकलेल्या कानाला गाडी थांबली की आधी काहीच ऐकू येत नाही, मग हळूहळू एकेक गोष्ट यायला लागते. आधी ज्वारी ऐकू आली. हुरड्यात आलेलं पीक, त्याची पानं वाऱ्यावर घासतात तो कोरडा आवाज, सोलापूरच्या माणसाला काय सांगायचा. पूर्वेला वद्य पक्षातली शेवटची चंद्रकोर होती, बारीक, विळ्यासारखी. मग एक तित्तर ओरडला, त्याला लांबनं दुसऱ्यानं उत्तर दिलं, मग होले, मग कुठला कुठला पक्षी, नावं पण माहीत नाहीत, आणि तो आवाज जवळून लांब लांब पसरत गेला, ह्या शिवारातनं त्या शिवारात, असं वाटलं की अख्खा अक्कलकोट तालुका आणि पलीकडचं कर्नाटक सगळं एकदम जागं होतंय आणि मी त्याच्या बरोब्बर मधे उभा आहे. मला तेव्हा जे वाटलं ते एवढंच लिहिता येतं की आपण इथं नसतो तरी हे असंच झालं असतं, आणि तरी आज आपल्याला बोलावून घेतल्यासारखं आहे. मेल धडधडत गेली, सिग्नल मिळाला, आम्ही निघालो. जर्नलमध्ये थांबल्याची वेळ लिहिली, सुटल्याची वेळ लिहिली, कारण लिहिलं क्रॉसिंग... नाही, क्रॉसिंग समोरनं येणाऱ्या गाडीला म्हणतात, इथं मागची पुढं काढली म्हणजे प्रिसिडन्स. बाकीचं लिहायला त्या फॉर्मात रकाना नव्हता आणि घरी पण मी कुणाला बोललो नाही, काय बोलणार.

दहा वर्षांनी मुलगी बी.ए.ला इंग्रजी घेऊन शिकत होती. तिच्या गाइडमध्ये एक टीप होती, एपिफनी, ५ गुण. मला म्हणाली बाबा हे पाठ होईना, जरा धरता का. मी पुस्तक हातात धरून तिची टीप ऐकत होतो. मूळ ग्रीक शब्द, अर्थ प्रकट होणं, ख्रिश्चन लोकांचा ६ जानेवारीचा सण, पुढं जेम्स जॉइसनं तो साहित्यात आणला, साध्यासुध्या गोष्टीतनं अचानक तिचं खरं रूप झळकतं तो क्षण. तिनं धडाधडा म्हणून दाखवलं आणि मला एकदम नागणसूर आठवलं. तिच्याच पुस्तकात पुढं एडवर्ड थॉमसची ॲडलस्ट्रॉप नावाची कविता होती, सोळा ओळींची, ती मी त्या रात्री डिक्शनरी घेऊन वाचली आणि खरं सांगतो, हात थरथरले.

कविता अशी. जूनचा शेवट, उन्हाळा, एक्सप्रेस गाडी ॲडलस्ट्रॉप नावाच्या स्टेशनात अचानक थांबते, तिथं तिचा नेहमीचा हॉल्ट नाही. इंजिनाची वाफ फुसफुसते, कुणीतरी घसा खाकरतं. मोकळ्या प्लॅटफॉर्मवर कुणी उतरत नाही, कुणी चढत नाही. त्याला दिसते फक्त नावाची पाटी. मग झाडं, गवत, वाळत घातलेल्या गवताच्या गंज्या, आणि त्या एका मिनिटात जवळ एक ब्लॅकबर्ड गातो आणि त्याच्या मागं, धुक्यात लांब लांब, ऑक्सफर्डशायर आणि ग्लॉस्टरशायर दोन्ही जिल्ह्यांतले सगळे पक्षी. संपली कविता. काय उमगलं ते तो सांगतच नाही. ही गाडी खरोखर थांबली होती, २४ जून १९१४ ला, महायुद्ध सुरू व्हायला महिना-सव्वा महिना राहिला होता. कविता त्यानं १९१५ च्या जानेवारीत लिहिली आणि ९ एप्रिल १९१७ ला फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत तो मारला गेला. ते स्टेशन १९६६ साली बंद झालं, पाटी तेवढी गावातल्या बसस्टॉपच्या शेडमध्ये लावून ठेवलीय. स्टेशन बंद पडतं म्हणजे काय हे रेल्वेच्या माणसाला जास्त कळतं, आणि एक पाटी जपून ठेवणारं ते गाव मला न बघता आवडतं.

तेव्हा इंग्रजी कवितेचं माझ्यावर ऋण आहे, ते नाकारायला हे पत्र नाही. त्यानंतर मी वर्डस्वर्थ वाचला, मुलीच्याच पुस्तकातनं. डॅफोडिल्सची कविता आपल्यातल्या कितीतरी जणांना शाळेत होती, पण तिच्या मागची हकीकत आम्हाला कुणी सांगितली नव्हती. १५ एप्रिल १८०२ ला तो अल्सवॉटर तळ्याच्या काठानं चालला होता आणि एकटा नव्हता, बहीण डोरोथी बरोबर होती. तिनं त्याच दिवसाचं वर्णन आपल्या रोजनिशीत लिहिलं की काही फुलं दमल्यासारखी दगडांवर मान टाकून पडली होती आणि बाकीची वाऱ्याबरोबर नाचत होती, हसत होती. ह्यानं कविता लिहिली १८०४ ला, दोन वर्षांनी, छापली १८०७ ला. आणि त्यातल्या ज्या दोन ओळी सगळ्यात मोठ्या, की एकांतात ती फुलं आतल्या डोळ्यापुढं चमकून जातात, त्या त्याच्या बायकोनं, मेरीनं सुचवल्यात असं त्यानं स्वतः सांगितलंय. म्हणजे ढगासारखा एकटा भटकत होतो असं सुरू होणारी कविता तिघांनी मिळून केलेली आहे. परीक्षेत ह्यातलं काही विचारत नाहीत. मला वाटतं हेच आधी सांगावं, पोरांना कविता लगेच घरातली वाटेल.

त्याचीच एक मोठी कविता आहे, द प्रिल्यूड, त्याच्या मरणानंतर १८५० ला छापली. त्यात तो लहानपणी रात्री दुसऱ्याची होडी सोडून तळ्यात वल्हवत जातो. होडी वल्हवणारा माणूस पाठ पुढं करून बसतो, तोंड मागं, किनाऱ्याकडं. त्यामुळं तो जसा लांब जातो तसं जवळच्या कड्याच्या मागनं एक काळा डोंगर वर यायला लागतो, आणि पोराला वाटतं तो जिवंत आहे आणि माझ्या मागं येतोय. घाबरून तो होडी परत आणून बांधतो आणि पुढं किती दिवस त्याच्या डोक्यात ओळखीचं काहीच राहत नाही, झाडं नाहीत, आकाश नाही. आता सांगतो, हे मी रोज बघितलंय. ब्रेकव्हॅनच्या मागच्या दारात उभं राहिलं की जवळच्या टेकाडामागं लपलेलं लांबचं झाड गाडी पुढं जाईल तसं वर वर येतं, जवळचं टेकाड बुटकं होतं आणि लांबचं मोठं होतं. मागं बघत जाणाऱ्यालाच ते दिसतं, ड्रायव्हरला कधीच दिसणार नाही. वर्डस्वर्थ अशा क्षणांना काळातल्या जागा म्हणायचा, मागं वळून त्यांच्याकडं जायचं आणि मन दुरुस्त करून यायचं. त्याच्यासाठी उमगणं हे बरंचसं आठवण्यात आहे.

आता फारसीकडं येतो, ज्याच्यासाठी एवढं लिहितोय.

आमच्या गल्लीत उर्दू शाळेत शिकवून रिटायर झालेले एक मास्तर राहतात. वय ८० च्या पुढं, डोळ्यांनी आता जवळजवळ दिसत नाही. फारसी त्यांच्या आजोबांनी त्यांना शिकवली. संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या ओट्यावर बसतो, ते मला गार्डसाब म्हणतात. एकदा मी त्यांना नागणसूरची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली, तर ते जरा वेळ गप्प बसले आणि सादी ह्या जुन्या फारसी कवीचा शेर म्हणाले:

बर्ग-ए-दरख्तान-ए-सब्ज दर नजर-ए-होशियार
हर वरकश दफ्तरेस्त मारिफत-ए-किर्दगार

म्हणजे हिरव्या झाडांची पानं, होशियार माणसाच्या नजरेत, त्यातलं एकेक पान म्हणजे निर्माणकर्त्याच्या ओळखीचं अख्खं पुस्तक. संपादक साहेब, हा शेर परत एकदा मराठी डोळ्यांनी वाचा. सब्ज आपल्या सब्जात आहे, नजर आपलीच, हर म्हणजे हरएक, मारिफत म्हणजे आपलं मारफत, अमक्याच्या मारफत काम झालं म्हणतो ते. होशियार म्हणजे आपला हुशार. आणि दफ्तर म्हणजे दप्तर, पोरं पाठीवर घेऊन जातात तेच. पण मास्तर म्हणाले गार्डसाब, फरक बघा, तुमच्या-आमच्या बोलण्यात हुशार म्हणजे जास्त मार्कांचा पोरगा, आणि मूळ शब्दात होश आहे, होशियार म्हणजे जो शुद्धीवर आहे, जागा आहे. शब्द आला, घरात राहिला, चांगला नांदला, पण मधल्या प्रवासात त्यातलं जागेपण सांडलं. मला त्या दिवसापासून हुशार हा शब्द साधा वाटत नाही. नागणसूरला मी दहा-वीस मिनिटं हुशार होतो, सादीच्या अर्थानं. तर ज्या भाषेतल्या एका शेरातले निम्मे शब्द आपल्या स्वैपाकघरात, शाळेत, कचेरीत आहेत, ती कविता परकी आणि डॅफोडिल्स आपले, हे कसं काय झालं?

सादी इराणातल्या शिराजचा. त्याचं गुलिस्तान १२५८ साली लिहून झालं, त्याच वर्षी मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केलं होतं. त्याच्या प्रस्तावनेत एक गोष्ट आहे. एक सूफी ध्यानातनं बाहेर येतो, मित्र विचारतात, त्या बागेतनं आमच्यासाठी काय आणलंस? तो म्हणतो, मनात होतं की गुलाबाच्या झाडापाशी पोचलो की तुमच्यासाठी ओचा भरून फुलं आणावीत, पण पोचलो आणि वासानं असा धुंद झालो की ओचाच हातातनं सुटला. ह्यापेक्षा खरं काही मी ह्या विषयावर वाचलेलं नाही. मी नागणसूरहून काय आणलं? जर्नलमधल्या दोन वेळा. आता हे वर्डस्वर्थच्या शेजारी ठेवून बघा. वर्डस्वर्थ म्हणतो मी ती दौलत घरी आणली, तेव्हा कळलं नव्हतं, कोचावर पडलो की ती फुलं परत येतात. सादी म्हणतो काहीच आणता आलं नाही, आणि न आणता येणं हाच पुरावा की मी तिथं पोचलो होतो. दोघं खरं बोलतायत आणि दोघं वेगळं बोलतायत, असं मला वाटतं. माझा कल सादीकडं जातो हे लपवत नाही.

आणि सादीची दुसरी एक गोष्ट तर पार नागणसूरचीच आहे. रात्रभर काफिला चालतो, पहाटे रानाच्या कडेला झोपतो. बरोबर एक वेडा फकीर असतो, तो एकदम ओरडतो आणि रानात पळत जातो, क्षणभर स्वस्थ बसत नाही. सकाळी त्याला विचारतात, काय झालं होतं? तो म्हणतो, झाडावर बुलबुल रडत होते, डोंगरात तित्तर, पाण्यात बेडूक, रानात जनावरं, मनात आलं की हे सगळे नामस्मरणात असताना मी झोपून राहणं हे माणुसकीचं नाही. मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांना थांबवलं, म्हटलं मास्तर, तित्तर म्हणालात? तर म्हणाले हो, कब्क, तित्तराच्याच जातीचा डोंगरातला पक्षी. साडेसातशे वर्षांचं अंतर आहे आणि पक्षी जवळजवळ तोच.

हाफिज ह्या दुसऱ्या फारसी कवीचा पण एक शेर देतो, लेखात गुलाब-बुलबुलला सजावट म्हटलंय म्हणून मुद्दाम:

रफ्तम ब बाग सुब्हदमे ता चुनम गुले
आमद ब गोश नागहम आवाज-ए-बुलबुले

सकाळी बागेत गेलो होतो, एक फूल तोडावं म्हणून, आणि अचानक कानावर बुलबुलाचा आवाज आला. ह्यात सगळं वजन नागहम ह्या शब्दावर आहे, अचानक, मला न विचारता. पुढच्या शेरात तो म्हणतो तो बिचारा पण माझ्यासारखाच फुलाच्या प्रेमात सापडलाय आणि त्याच्या फर्यादीनं सगळी बाग दणाणून गेलीय. फर्याद म्हणजे आपली फिर्याद, आपण ती पोलिसात देतो, तिथं ती बुलबुलाच्या गळ्यात आहे. माणूस फूल तोडायला गेला होता, मालक म्हणून गेला होता, आणि एका आवाजात त्याला कळलं की आपण पण ह्या बागेतलेच एक रडणारे आहोत. हा जर साक्षात्काराचा क्षण नसेल तर कशाला म्हणायचं? इंग्रजीत कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाचं असंच आहे, १७९८ ची कविता. त्यानं अल्बॅट्रॉस पक्षी विनाकारण मारलेला, तो गळ्यात बांधलेला, प्रार्थना ओठावर येईना, आणि एका रात्री चांदण्यात जहाजाच्या सावलीत पाणसाप पोहताना बघून त्याच्या मनातनं नकळत आशीर्वाद निघाला. त्याच क्षणी गळ्यातला पक्षी सुटून समुद्रात पडला. इंग्रजी कवी नकळत म्हणतो, फारसी कवी अचानक म्हणतो. दोघांत ५०० हून जास्त वर्षांचं... नाही, मास्तर चुकलो म्हणतील, ४०० वर्षांचं अंतर, हाफिज १३९० च्या सुमाराला वारला.

पण त्याच्या ज्या शेरावर मी अडकलोय तो हा: मजरा-ए-सब्ज-ए-फलक दीदम व दास-ए-मह-ए-नौ, यादम अज किश्ता-ए-खेश आमद व हंगाम-ए-दरौ. आकाशाचं हिरवं शेत बघितलं आणि नव्या चंद्राचा विळा, आणि मला माझ्या पेरणीची याद आली, आणि काढणीच्या हंगामाची. हंगाम! रब्बी हंगाम म्हणतो तोच हंगाम. हा शब्द सोलापूरच्या शेतकऱ्याच्या तोंडात दिवसातनं दहा वेळा येतो आणि तो हाफिजच्या शेरात चंद्राखाली उभा आहे. हाफिजचा चंद्र अमावस्येनंतरचा, संध्याकाळचा, मी बघितला तो पहाटेचा, पण विळा तोच. आमच्याकडं रब्बीची ज्वारी बहुतेक ठिकाणी हातानं मुळासकट उपटतात, मग कणसं मोडतात, माझ्या आईचे तळवे त्या दिवसांत सोललेले असायचे. त्यामुळं काढणी म्हटलं की मला आधी आईचे हात आठवतात, मग मी काय पेरलं ते आठवतं. पुढच्या शेरात तो नशिबाला म्हणतो, तू झोपलास आणि सूर्य उगवला, आणि नशीब उत्तर देतं, तरी पण निराश होऊ नको. मास्तर हा शेर म्हणतात तेव्हा दोन ओळींच्या मधे नेहमी थांबतात.

हाफिज आपल्याकडं येणार होता हे किती जणांना माहितीय? गुलबर्ग्याच्या बहमनी सुलतानानं, दुसऱ्या मुहम्मदशहानं, त्याला दख्खनला यायचं आमंत्रण दिलं, वजिरानं वाटखर्चाला पैसे पाठवले. फरिश्ता नावाच्या इतिहासकारानं विजापूरला बसून हे लिहून ठेवलंय. हाफिज होर्मुझ बंदरापर्यंत आला, जहाजात चढला, आणि वादळ उठलं तसा उतरून परत शिराजला गेला. बदल्यात एक गझल पाठवून दिली, तिच्यात म्हणतो, फायद्याच्या आशेनं समुद्राचं दुःख आधी किती सोपं वाटलं होतं, चुकलो, ह्या वादळाची किंमत शंभर मोत्यांनी पण फिटत नाही. गुलबर्गा माझ्या लाइनवर. सोलापूरपासून शंभरएक किलोमीटर. शेकडो वेळा तिथनं मालगाडी नेली आणि दर वेळी मनात यायचं, आला असता तर त्यानं इथली ज्वारी बघितली असती.

आता दोन्हीकडचा एक मोठा फरक, जो मला स्वतःला हळूहळू कळला. इंग्रजी क्षणाला पत्ता असतो. वर्डस्वर्थच्या टिंटर्न ॲबीच्या कवितेच्या मथळ्यातच १३ जुलै १७९८ ही तारीख आहे. हार्डीनं थ्रश पक्ष्याच्या कवितेखाली शतकाचा शेवटचा दिवस म्हणून ३१ डिसेंबर १९०० टाकलाय. थॉमसची तर पाटीच आहे. फारसी क्षणाला पत्ता नसतो, फक्त वेळ असते, आणि ती बहुतेक पहाट असते, सहर, सुब्हदम. कुठली बाग, कुठलं वर्ष, काही नाही. म्हणून वरवर वाचणाऱ्याला ती सजावट वाटत असणार, सगळ्या बागा सारख्या, सगळे बुलबुल सारखे. पण उलटं बघा, पत्ता नाही म्हणून ती बाग कुणाचीही होते, विजापूरच्या माणसाची झाली, आमच्या मास्तरांच्या आजोबांची झाली, नागणसूरच्या लूपवर माझी झाली. ॲडलस्ट्रॉप माझं व्हायला मला तिथनं स्वतःचं नागणसूर बरोबर घेऊन जावं लागलं.

रूमीबद्दल मात्र माझं मास्तरांशी भांडण होतं. रूमी हा पण फारसी कवी, त्याच्या मसनवी नावाच्या मोठ्या काव्याच्या चौथ्या भागात एक सूफी बागेत गुडघ्यात डोकं घालून बसलाय, एक जण त्याला उठवतो, झोपतोस काय, बघ ही वेली-झाडं, देवाच्या खुणा आहेत. सूफी म्हणतो खुणा आत आहेत, बाहेर आहेत त्या खुणांच्या खुणा. मला हे पटायचं नाही, मी म्हणायचो मास्तर, माझ्या बाहेरच्या तित्तराला खोटं पाडू नका. ते हसायचे. आता दोन वर्षं झाली त्यांना दिसत नाही, आणि परवा त्यांनीच आपण होऊन सांगितलं की ओट्यावर बसलो की चिमण्या ऐकू येतात आणि आत झाड दिसतं, अख्खं, पानापानाचं. मी काही बोललो नाही.

आणि लेखात आपण हे इंग्रजांकडनं शिकलो असं लिहिलंय त्यावर एवढंच, माढा तालुक्यातलं अरण गाव तुमच्या ऑफिसपासून लांब नाही. कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी म्हणणारे सावता महाराज तिथले, १३ व्या शतकातले, म्हणजे सादी शिराजमध्ये म्हातारा होत होता तेव्हा हे इथं मळ्याला पाणी देत होते. त्यांच्याकडं गुलाब पण नाही, लसूण, मिरची, कोथिंबीर आहे, मोट आणि नाडा आहे, आणि पंढरपूरला जायची गरज उरली नाही इतकं सगळं तिथंच दिसलं. इंग्रजीतला ब्लेक वाळूच्या कणात जग बघायचं म्हणतो ते वाचून आपण थक्क होतो, जरूर व्हावं, पण अरणचा मळा पण आठवावा.

नव्या फारसी कवीतला मी एकच ऐकलाय, सोहराब सेपेहरी, काशानचा, चित्रकार पण होता, १९८० ला गेला. मास्तरांच्या नातवानं मोबाइलवर शोधून ऐकवला. त्याची कविता म्हणते पाणी गढूळ करू नका, खाली कुठंतरी एखादं कबूतर पाणी पीत असेल, एखाद्या गावात घागर भरत असेल, एखादा फकीर वाळली भाकरी पाण्यात बुडवत असेल. ज्या गावात पाण्याचा दिवस लक्षात ठेवून उठावं लागतं त्या गावात ही कविता समजावून सांगावी लागत नाही. माझ्या बायकोनं ती ऐकली आणि भांडी विसळता विसळता नळ बंद केला.

विनंती एवढीच. पुरवणीत आठवड्याला पाव कॉलम द्या, वाचकांना सांगा की तुमचं नागणसूर लिहून पाठवा, दहा ओळीत, कवी असायची अट नको. नान्नजच्या माळावर पहाटे गेलेला कुणी असेल, उजनीच्या कडेचा मच्छीमार असेल, विडी वळता वळता खिडकीतनं काही बघितलेली बाई असेल, तेलुगूत, कन्नडात लिहील, कुणीतरी मराठी करून देईल. आणि त्याच्या शेजारी दर वेळी एक शेर छापा, देवनागरीत, खाली मराठी अर्थ. शेर द्यायची जबाबदारी मास्तरांनी घेतलीय, लिहून द्यायची मी.

त्यांचा निरोप आहे की पहिला शेर पानाचाच असावा, आणि छापताना बर्ग-ए-दरख्तान-ए-सब्ज असंच छापावं, मधले दोन्ही ए गाळू नयेत, गाळले की पान झाडावरनं तुटतं. छापून आलं की मी त्यांना वाचून दाखवणार आहे, तेव्हा प्रूफ तेवढं नीट बघावं.

आपला,
एक निवृत्त रेल्वे गार्ड, सोलापूर